घामाची चव

आमच्या घरी उन्हातून कुणी आलं की पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी मी त्याचा खालचा ओठ ओढून बघतो. धाकटा जावई पहिल्यांदा चैत्रात आला, तेव्हा त्याला मी उंबऱ्यावरच धरला. जावई माणूस, बोलणार काय? पण जेवणं झाल्यावर त्यानं आमच्या मुलीला हळूच विचारलं म्हणे, "तुझ्या वडलांनी माझे दात का मोजले?"

दात मोजत नव्हतो. हिरड्या बघत होतो. हिरडी ओली आणि गुलाबी असली की माझा जीव जागेवर येतो, मग मी 'या, बसा' म्हणतो. घरातल्यांनी ह्याला म्हातारचळ ठरवून टाकलंय. पण हा चळ मला ऐन पंचविशीत लागला, आणि तो लावणारा माणूस माझ्यापेक्षा शंभर पटीनं चळलेला होता.

त्याला सगळे चाबूकस्वार म्हणत आणि तोंडावर आबा. चाबूकस्वार म्हणजे घोड्याला चाल शिकवणारा. त्यानं उभी हयात महाराजांच्या पागेत काढली होती. हातात चाबूक मात्र मी त्याच्या कधी पाहिला नाही. ठेंगणा, पाय किंचित फाकलेले, मिशा पांढऱ्या आणि डोक्याला ओला पटका. पटका वाळला की तो चारचौघांत बिनदिक्कत सोडायचा, बुडवायचा, पिळायचा आणि पुन्हा बांधायचा. बोडक्या डोक्याचा म्हातारा बघून पोरं हसत. तो म्हणायचा, "हसा लेकानु. टाळकं माजं हाय, शिजलं तर मला लागंल."

त्या वर्षी कोल्हापुरात कुस्तीचं नवं मैदान करायचं महाराजांनी मनावर घेतलं होतं. मधली माती खणून काढायची आणि तीच भोवती उतरती रचायची, म्हणजे शेवटच्या माणसालाही जोड नीट दिसावी, असा बेत. कागदावर फार देखणा दिसे. पण मैदान खोल होत गेलं तसं ते गुळाच्या काहिलीसारखं झालं. वरून ऊन ओतायचं, चारी बाजूंनी माती तापायची आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा आत उतरायची नाही. मी तिथे हजेरीचा कारकून होतो. काठावर, झाडाखाली बसून खाली बघायचो तरी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत.

खणायला गावातली रोजगारी माणसं होतीच, पण खरं काम चाललं होतं ते दोन तालमींच्या पोरांचं. एक तालीम उगवतीकडून खणत होती, दुसरी मावळतीकडून. दोन्ही वस्तादांनी आपसात पैज लावली होती: ज्याची बाजू आधी पुरी होईल, त्याच्या पठ्ठ्याला ह्या मैदानातली पहिली कुस्ती. कोल्हापुरात माणूस एकवेळ जमीन सोडील, पण असला मान सोडणार नाही. त्यामुळे ठेकेदाराला ओरडावं लागत नव्हतं. पोरंच एकमेकांच्या अंगावर ओरडत खणत होती.

त्या पोरांत माझा धाकटा भाऊ होता, दत्तू. उगवतीच्या तालमीचा. पहिली कुस्ती मिळाली तर ती दत्तूचीच, हे वस्तादांनी बोलून दाखवलं होतं. त्याला ह्या कामावर मीच चिकटवलं होतं आणि रोज सकाळी निघताना आई मला सांगायची, "त्याला डोळ्याआड हू दिऊ नगंस. त्यो अडदांड हाय, तू तरी शाना हो." मी शहाणा होतो की नाही कोण जाणे, भित्रा मात्र जन्माचा. दिवसभर हजेरी कमी आणि दत्तूची पाठच जास्त बघायचो.

चाबूकस्वाराला तिथे कुणी आणि का नेमलं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. दरबारातून हुकूम आला एवढं खरं. 'माणसांच्या प्रकृतीवर देखरेख.' ठेकेदार हुकूम वाचून म्हणाला, "पागेतली घोडी सपली काय, म्हणून मानसं दिली ह्येला?"

पहिल्याच दिवशी म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि राम राम नाही, शाम शाम नाही, अंगठ्यानं माझा ओठ खाली ओढला.

"आबा, मी कारकून हाय," मी कसाबसा म्हणालो.

"मग? ऊन काय हुद्दा बगून लागतंय? हिरड्या कोरड्या पडल्यात तुज्या. सकाळपास्नं पानी कवा पेलास?"

मला आठवेना.

"बग. कारकुनी तट्टू! घोडं तहान लागली की निदान खूर तरी आपटतंय. तुमाला लाज वाटती."

तेव्हापासून मी त्याच्या लेखी तट्टू झालो. त्याच्याकडे सगळ्यांची अशीच नावं होती. दत्तू म्हणजे शिंगरू, 'लगाम न लागल्यालं.' ठेकेदाराला तो पोटफुगीचं घोडं म्हणायचा, आणि तेही ठेकेदार कानाच्या टप्प्यात असताना.

पोरांना ह्याचा राग यायचा. म्हातारा खड्ड्यात उतरून एकेकाच्या हाताची कातडी चिमटीत धरायचा, सोडायचा आणि ती किती वेळानं जागेवर जाते ते बघायचा. ओठ ओढायचा, डोळ्यांच्या पापण्या वर करायचा. एकदा एक रांगडा गडी भडकला. "आमी काय जनावरं हाय व्हय?"

"असतास तर बरं झालं असतं," म्हातारा त्याची पापणी न सोडता म्हणाला. "जनावर खोटं बोलत न्हाय. घोडं पडायच्या आदी मान खाली घालतंय. मानूस पडायच्या आदी छाती काडतोय. मग कळायचं कसं?"

पण ह्यापेक्षा मोठा बभ्रा झाला तो त्याच्या दुसऱ्या सवयीचा. तो घाम चाखायचा. गड्याच्या मानेवरून बोट फिरवायचा आणि सरळ जिभेला लावायचा. मराठ्याचा, मुसलमानाचा, गाड्या हाकणाऱ्या महाराचा, सगळ्यांचा. त्या काळात ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. म्हातारा बाटला, अशी पेठेत कुजबुज झाली, आणि त्याच्या भावकीनं त्याला जेवायच्या पंगतीला बोलावणं बंद केलं. मी त्याला एकदा भीत भीत म्हणालो, "आबा, नुसतं बघितलं तर चालत न्हाय का? घाम दिसतोय की."

तेव्हा त्यानं मला घोड्यांच्या बाजाराची गोष्ट सांगितली. परमुलखातल्या एखाद्या घोड्याला इथल्या उन्हाळ्यात घामच यायचा बंद होतो. दिसायला उमदं, पण दौडीला काढलं की आतल्या आत उकडून मरतं. असं घोडं खपवायचं असलं की व्यापारी काय करायचे, तर गिऱ्हाईक यायच्या आधी त्याच्या मानेवर आणि छातीवर पाणी शिंपडून ठेवायचे. अंग ओलं दिसलं की गिऱ्हाईक फसलंच.

"म्हनून चाकायचा," तो म्हणाला. "घाम हाय तवर जीव हाय. आनि घाम खारट पायजे. मिठाला जात न्हाय तट्टा, समद्यांचं सारकंच लागतंय. गोड कुनाचाच न्हाय लागला आजून."

मी तोंड वाकडं केलं. ते बघून तो खदाखदा हसला. त्याला मोकळं हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

कारण एरवी तो सतत धास्तावलेला असायचा. लोकांना होळी आली की आनंद होतो, ह्याची त्या दिवसापासून झोप उडायची. सकाळी लोक नदीवर सूर्याला अर्घ्य देत आणि हा मैदानाच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा. सूर्याची कोर वर आली की म्हणायचा, "आलास का मुडद्या? ये. हाय मी हितंच." एक भटजीबुवा नेमके तिथून चालले होते. त्यांनी कानांवर हात ठेवले. म्हातारा त्यांना म्हणाला, "तुमी त्येला पानी द्या बुवा. मला ह्या पोरास्नी द्यायचं हाय."

त्याचे नियम अजब होते, पण हळूहळू सगळे ते पाळू लागले होते. काम तांबडं फुटायच्या आत सुरू. ऊन चढलं की ज्याचा त्यानं आपल्या सावलीकडे बघायचं. उभ्या जागी आपल्या सावलीच्या डोक्यावर पाय देता आला की कुदळ टाकायची आणि वर यायचं. म्हातारा पागेतली जुनी घंटा बडवायचा ती त्याच वेळी. काठावर उसाच्या पाल्याचा मोठा मांडव घालून घेतला होता, त्यावर दर घटकेला पखालीनं पाणी शिंपडायचं. मांडवात नाचणीची आंबील आणि मीठ घातलेलं ताक. आणि वर आल्यावर लगेच बसायचं नाही. दौडून आलेलं घोडं जसं हळूहळू फिरवून निववतात, तसा तो त्या दांडग्या पैलवानांना मांडवात गोल गोल फिरवायचा. ते बघायला गावातली रिकामटेकडी माणसं जमत. मिशीला पीळ देणारे पठ्ठे, आणि घाण्याच्या बैलासारखे एकामागे एक चाललेत. दत्तू घरी येऊन आईजवळ चरफडायचा, "त्या म्हाताऱ्यानं आमची पार वरात काडली."

नियम सगळे पाळले जात, फक्त एक सोडून. घाम नीट नसलेल्या गड्याला तो भर कामातून उठवून मांडवात बसवायचा, आणि ते पोरांना मरणाहून वाईट वाटायचं. तालमींनी त्याचीच टर करून टाकली. समोरच्या बाजूचा एखादा गडी जरा कोरडा दिसला की इकडून आरोळी उठायची, "वाळलं रं वाळलं!" मग तो गडी चिडून दुप्पट जोरात कुदळ घालायचा. ज्या खुणेनं म्हातारा त्यांचा जीव राखत होता, त्याच खुणेला पोरांनी लाज करून ठेवलं. म्हाताऱ्याच्या हे ध्यानात आलं होतं. ती आरोळी ऐकली की त्याचा चेहरा काळवंडायचा.

ठेकेदाराला दुपारची सुट्टी सलत होती. पावसाच्या आत काम उरकायचं होतं. तो छत्री घेऊन काठावर यायचा आणि म्हणायचा, "आबा, तुमी ह्यास्नी लाडावून ठेवलंय. कोल्हापूरचं पानी हाय ह्ये, येवड्या उनानं काय हुतंय?" म्हाताऱ्यानं एकदा सगळ्यांदेखत त्याचाच ओठ ओढला. ठेकेदाराच्या तोंडातलं पान बाहेर पडलं. त्या दिवसापासून तो म्हाताऱ्याच्या वाटेला जाईनासा झाला, पण मनात डूख धरून राहिला.

एका दुपारी पोरं मांडवात आडवी झाली होती. मी म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, तुमी पागेतनं का निगालासा? घोड्यांवर येवडा जीव हाय तुमचा."

त्यानं पटका सोडून पिळला. मग बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

"पागेत मैना म्हनून घोडी हुती. मीच तयार केल्याली. पन्हाळ्यावर पावणं आलं हुतं बडं बडं. त्यांच्यात पैज लागली, पन्हाळ्यास्नं निगून कोल्हापूरच्या नाक्याला कुनाचं घोडं आदी पोचतंय. वैशाख हुता. भर दुपार. मी मैनेवर. माजा मोतद्दार, घोडीची निगा राखनारा गडी, रिकिबीचा पट्टा धरून संगं पळत हुता. मोतद्दारानं घोड्यासंगं पळायचं, तशी रीतच हुती की. पैज आमी जिकली. पागेत आलो आनि बगतो तर घोडी थरथराय लागल्याली, आंग कोरडं ठनठनीत. सपलंच म्हनलं. सारी पागा धावली. मी तिच्या डोस्क्यावर पानी घाटलं, मानंवर घाटलं, वल्ली पोती टाकली, फिरिवली. सांजंला घोडीनं मान वर केली. वाचली."

"वाचली न्हवं?"

"घोडी वाचली." त्यानं पटका झटकला. "सगळ्यांनी माजी पाठ थोपटली. मग कुनाच्या तर ध्यानात आलं, मोतद्दार कुटं हाय? त्यो भितीला टेकून बसला हुता. मान खाली. कवा गेला, कुनाला ठावं. आनि तट्टा, घोडीवर वतायच्या पयल्या बादल्या त्येनंच भरून आनल्या हुत्या. माज्या हातात त्येनंच दिल्या. एक वंजळ बी पेला न्हाय. मी बादली घेतली, पर त्येच्या तोंडाकडं बगितलं न्हाय. घोडीचे डोळे बगत हुतो मी."

मी ताकाचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"मैनेचं नाव आजून सगळ्या गावाला ठावं हाय," तो म्हणाला. "त्येचं कुनी इचारत न्हाय." आणि उठून पोरांचे पाय उन्हात आलेत का ते बघायला गेला.

त्यानंतर तो माणसांना घोड्यांसारखं वागवतो, ह्याचं मला हसू आलं नाही.

ज्या दिवसाचं मी सांगणार आहे, तो दिवस ठेकेदारानं साधला. दोन्ही बाजूंची थोडी थोडी माती उरली होती. दुपारचं काम ओढलं तर संध्याकाळी मैदान मोकळं झालं असतं. मांडवाला नवी गोणपाटं हवी होती, हे निमित्त करून त्यानं म्हाताऱ्याला सकाळीच शाहूपुरीत अडत्याकडे पाठवलं. जाताना म्हातारा मला म्हणाला, "सावली बगून घंटा मार. मी येतोच."

मी सावली बघितली आणि घंटा मारली. ठेकेदार ओरडला, तरी मारली. रोजगारी माणसं मुकाट वर आली. तालमीची पोरं मात्र खालीच. उगवतीची मावळतीकडे बघत होती आणि मावळतीची उगवतीकडे. आधी कोण वर चढतो, एवढाच प्रश्न होता. आणि तो मिटेपर्यंत कुदळी चालूच होत्या.

मी काठावरून ओरडलो, "दत्तू, घंटा झाली. वर ये!"

"आदी त्यास्नी चडूंदे की दादा!"

मावळतीकडे गेलो. तिथला म्होरक्या म्हणाला, "कारकून, तुमच्या भावाला आदी वर घ्या. मग बगू."

मी पुन्हा घंटा बडवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे नुसता पळत होतो. दत्तूची छाती आणि कपाळ ओलं चमकत होतं. म्हाताऱ्याची शिकवण आठवली, पण अर्धीच. ओलं आहे म्हणजे ठीक आहे, असं म्हणून मी मनाची समजूत घातली आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला.

ते ओलं काय होतं, ते मला नंतर कळलं. 'वाळलं रं' ऐकायला लागू नये म्हणून पोरं पिण्याच्या घागरीतलं पाणी ओंजळीनं कपाळावर आणि छातीवर मारत होती. प्यायचं मात्र कुणी नाव घेत नव्हतं. दम लागलेला असताना पाणी प्यायलं की पैलवानाचं अंग जड होतं, ही तालमीतली समजूत. पाणी हाताशी होतं, अंगावर होतं, फक्त पोटात नव्हतं.

तेवढ्यात म्हातारा दिसला. गोणपाटांची गाडी मागे कुठंतरी सोडून दिली होती. शाहूपुरीतून भर उन्हात, फाकल्या पायांनी तो पळत येत होता. डोक्यावरचा पटका कधीच वाळून गेला होता. घंटा पुन्हा पुन्हा वाजतेय म्हणजे पोरं वर येत नाहीत, हे त्यानं वाटेतच ताडलं असावं. तो सरळ खड्ड्यात उतरला. मी त्याच्या मागोमाग उतरलो. खाली पाय ठेवला तेव्हा भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं.

एकाच्या मानेवर बोट, मग जिभेला. "वर चल." दुसऱ्याचं. "वर." आज त्याच्या आवाजापुढे पैज चालेना. दत्तूपाशी आला तेव्हा दत्तूनं कुदळ टाकली आणि छाती पुढे काढून उभा राहिला. चेहरा तांबडाभडक. तो हसत होता, पण कुणाकडे बघून हसतोय ते कळत नव्हतं.

म्हाताऱ्यानं त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि चाखलं.

"अळनी," तो म्हणाला. मग छातीवरचं चाखलं. "ह्ये बी अळनी. पानी हाय ह्ये! तट्टा, धर त्येला!"

"आये, दार उगड की," दत्तू मला म्हणाला. मला. आणि माझ्या अंगावर कोसळला. त्याचं अंग तव्यासारखं होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आम्ही चौघांनी त्याला उचलून खड्ड्याच्या भिंतीलगतच्या सावलीच्या पट्ट्यात आणलं. म्हाताऱ्याचा आवाज सगळीकडे होता. "पखाल हिकडं! डोस्क्यावर वत. मानंवर. काखंत! घोंगडी घ्या, वारा घाला. हात चोळा त्येचं. त्वांडात घालू नगासा, शुद्दीत न्हाय त्यो!" मावळतीची पोरंसुद्धा धावून आली होती आणि घोंगडी हलवत होती. पखाल रिकामी झाली तेव्हा बादल्या सुरू झाल्या. मी दत्तूचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. आईला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात गरगरत होतं. त्याचे डोळे फिरलेले होते आणि दातखीळ बसली होती. मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवत नाही आणि ते सगळं फेडलंही नसेल.

दत्तूचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट त्याच्यावर करायचा नाही. त्याला ओकारी झाली, अंगाला कापरं भरलं आणि मग त्यानं डोळे उघडून 'दादा' म्हटलं. तो जगला. पुढे दोन वर्षं त्याला ऊन सोसायचं नाही, त्यामुळे पहिली कुस्ती मावळतीच्या तालमीनं मारली. ज्या पोरानं मारली, त्यानं बक्षिसाचा फेटा आणून दत्तूच्या डोक्यावर ठेवला. ठेकेदार त्यानंतर घंटेच्या आड आला नाही.

पण दत्तूनं 'दादा' म्हटलं त्या क्षणी सगळी पोरं ओरडली, आणि त्या कालव्यात मला एकदम जाणवलं की एक आवाज नाही. मघापासून 'वत, चोळ, वारा घाल' म्हणणारा आवाज थांबलाय. कधी थांबला, कुणास ठाऊक.

मी मान वळवली. माझ्या हातभर अंतरावर एक बादली उभी होती, काठोकाठ भरलेली. ती कुणी आणली, कुणाच्या लक्षात नव्हतं. आणि तिच्या पलीकडे, मातीच्या भिंतीला टेकून, म्हातारा बसला होता. मान खाली.

मोतद्दार भिंतीला टेकून बसला होता. मान खाली. हे मला कुणी सांगितलं होतं, ते मला आठवलं.

मी दत्तूचं डोकं शेजारच्या पोराच्या मांडीवर दिलं आणि गुडघ्यांवर सरपटत तिकडे गेलो. "आबा!" अंगठ्यानं ओठ खाली ओढला. हिरड्या वाळलेल्या होत्या. चेहरा मातीनं माखलेला, त्यामुळे घाम आहे की नाही काही दिसेना. हाताची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाची कातडी, तिच्यावरून काय कळणार?

मग मी त्याच्या मानेमागून, पटक्याच्या खालून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

आधी नुसती माती लागली. मी पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा चाखलं.

म्हाताऱ्याचा एक डोळा किलकिला झाला. "काय लागतंय?" त्यानं विचारलं. ओठ हलले न हलले.

"खारट," मी म्हणालो. मला रडू फुटलं होतं. "खारट हाय आबा."

"मग हितं काय करतोयस? शिंगराकडं बग जा. बादली ने तिकडं."

दत्तूभोवती सगळी तालीम होती. मी बादली उचलली आणि सबंध म्हाताऱ्याच्याच डोक्यावर ओतली.